दोन कानांत पाच आवाज

संगणकावर गप्पांची खोली उघडली आहे. चार मित्र हजर आहेत आणि त्यातले दोघं एकाच वेळी बोलतायत. डोळस माणसाला या घडीला बरंच काही न ऐकताच कळतं. बोलणाऱ्याच्या नावाभोवती हिरवं वर्तुळ उजळतं, माइक बंद असलेल्याच्या नावापुढे लाल खूण दिसते, नवा कोणी आला की यादी एका ओळीने वाढते. हे सगळं डोळे टिपतात आणि कान मित्रांसाठी मोकळे राहतात. अंध माणसाकडे अशी वाटणी नाही. पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही त्याच्या कानातच बोलतो. म्हणजे मित्रांचे चार आवाज, आणि त्यांच्यावरून झपाझप धावणारा यंत्राचा पाचवा. या गलबल्यातून वाट काढत तो हसतो, उत्तर देतो, मधेच आपला माइक बंद करतो, कोणी लिहून पाठवलेला मजकूर वाचतो.

मेंदूला हे जमतं कसं, याचा एक गाजलेला प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. एकाच माणसाने वाचलेले दोन उतारे एकमेकांत मिसळून त्यांनी श्रोत्यांना ऐकवले आणि त्यातला एक वेगळा काढायला सांगितला. लोक मेटाकुटीला आले, तेच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकू लागले. मग चेरींनी एक उतारा डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात सोडला, आणि काम एकदम सोपं झालं. हव्या त्या कानातला उतारा लोक ऐकता ऐकता मोठ्याने म्हणून दाखवू लागले. नको असलेल्या कानात काय चाललंय याचा त्यांना जवळजवळ पत्ताच नव्हता. तिथे इंग्रजीऐवजी जर्मन सुरू झालं तरी कळलं नाही. मात्र पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली की लगेच लक्षात यायचं.

आता २०२४ सालाकडे येऊ. विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर जगभर वापरला जातो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि त्याचा मित्र जेम्स टे, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. या एनव्हीडीएच्या २०२४.२ या आवृत्तीत एक नवी सोय आली: स्क्रीन रीडरचा आवाज एका कानात आणि बाकी सगळ्या प्रोग्रॅम्सचा आवाज दुसऱ्या कानात. चेरींच्या प्रयोगशाळेत जे घडलं, ते आता तीन कळा दाबून घरबसल्या करता येतं. गप्पा उजवीकडे, यंत्र डावीकडे.

गप्पांचं ॲप बांधणाऱ्याने मात्र इथेच सावध व्हायला हवं. बोलणाऱ्यांना खोलीत गोलाकार बसवल्यासारखं ऐकवणं, म्हणजे एकाचा आवाज डावीकडून तर दुसऱ्याचा उजवीकडून येणं, ही हल्लीची लाडकी कल्पना आहे. ऐकायला ती खरंच सुरेख वाटते. पण वर सांगितलेली सोय प्रोग्रॅमचा एका बाजूचा आवाज सरळ शून्यावर आणते. त्यामुळे फक्त डावीकडे बसवलेला मित्र अंध श्रोत्याच्या कानातून नाहीसाच होईल. सगळ्यांचे आवाज दोन्ही बाजूंना सारखे पाठवण्याचा पर्याय ठेवला की प्रश्न मिटतो. असा पर्याय लागेल हे मात्र आधी सुचावं लागतं.

स्क्रीन रीडरला पडदा ‘दिसतो’ कसा, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात ते सोपं होतं. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी असत आणि ती २,००० अक्षरं संगणकाच्या स्मृतीत ठरलेल्या जागी ओळीने मांडलेली असत. ती उचलायची आणि बोलायची. असाच एक स्क्रीन रीडर बनवणारे टेड हेंटर हे अमेरिकी अभियंते आधी मोटरसायकलींच्या शर्यतीत उतरायचे. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या कंपनीचा जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉसवर आला. मग विंडोज आलं आणि पडद्यावर अक्षरं उरलीच नाहीत, सगळी चित्रं झाली. तेव्हाच्या स्क्रीन रीडरांनी यावर जी युक्ती केली, तिला दाद द्यावी तेवढी थोडी. प्रोग्रॅम विंडोजला सांगे, ‘या जागी हा शब्द रंगव.’ ती आज्ञा वाटेतच ऐकायची, आणि अशा हजारो आज्ञांवरून पडद्याचा एक नकाशा स्वतःच्या स्मृतीत गुपचूप रचत राहायचं. पडदा कुठेच न पाहता पडद्याची प्रतिकृती!

ही कसरत अर्थातच ठिसूळ होती. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅम आणि स्क्रीन रीडर यांच्यात बोलणं होण्याची रीतसर सोय केली आणि पुढे तिच्याहून भक्कम अशी यूआय ऑटोमेशन ही व्यवस्था आणली. तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या खिडकीचं एक झाड मांडून ठेवतो. खिडकीत पॅनेल, पॅनेलमध्ये यादी, यादीत नावं. झाडाच्या प्रत्येक पानाला काही गोष्टी सांगता याव्या लागतात: मी कोण, म्हणजे बटण की यादी की चौकट, माझं नाव काय, आणि या क्षणी माझी स्थिती काय.

माइकचं बटणच घ्या. ॲप बनवणाऱ्याने माइकचं सुबक चित्र काढलं, त्यावर टिचकी मारली की माइक बंद होतो आणि चित्रावर तिरकी रेघ येते. झाडात मात्र त्याची नोंदच केली नाही. स्क्रीन रीडरच्या लेखी त्या जागी काहीच नाही. दुसऱ्याने नोंद केली पण नाव दिलं नाही, तर कानात नुसतं ‘बटण’ असं ऐकू येतं. अशी सहा बटणं ओळीने असली तर ‘बटण, बटण, बटण’. तिसऱ्याने नाव दिलं, ‘मायक्रोफोन’, पण चालू-बंद ही स्थिती कळवली नाही. हा तिसरा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण वरवर सगळं ठाकठीक असतं आणि माइक चालू आहे की बंद हेच कळत नाही. घरातलं खाजगी बोलणं खोलीभर ऐकू जाण्याची भीती डोक्यावर ठेवून कोण निवांत गप्पा मारणार? ‘मायक्रोफोन, टॉगल बटण, दाबलेलं’ एवढं ऐकू आलं की जीव भांड्यात पडतो. आणि त्यासाठी लागणारं काम म्हणजे बहुतेक वेळा प्रोग्रॅमच्या दोन-तीन ओळी.

हजर माणसांच्या यादीचा घोटाळा वेगळ्या जातीचा आहे. कोणी बोलू लागलं की ॲपला त्याच्या नावापुढची खूण बदलायची असते. आळशी पद्धत अशी, की पूर्ण यादी पुसायची आणि नव्याने भरायची. डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण बाणाच्या कळीने अकराव्या नावापर्यंत पोहोचलेल्या माणसाच्या पायाखालची यादी त्या क्षणी नाहीशी होते आणि तो पुन्हा पहिल्या नावावर येऊन पडतो. गप्पा रंगल्या की दर सेकंदाला कोणी ना कोणी बोलतंच, म्हणजे अकरावं नाव कधीच हाती लागत नाही. योग्य पद्धतीत फक्त बदललेली ओळ बदलतात, बाकीच्या यादीला हात लावत नाहीत.

मग काय बोलायचं आणि काय गिळायचं, हा प्रश्न येतो. कोण आलं, कोण गेलं, कोणी हात वर केला, कोणी काय लिहिलं, यातली प्रत्येक गोष्ट उच्चारली तर मित्र ऐकू येणारच नाहीत. २०१७ च्या विंडोज १० पासून ॲपला स्क्रीन रीडरकडे घोषणा पाठवता येते आणि ती कशी हाताळावी हेही सोबत सुचवता येतं. त्यासाठी तेव्हा पाच प्रकार ठरले. महत्त्वाच्या आहेत म्हणून सगळ्या बोला. महत्त्वाच्या, पण फक्त ताजी बोला. सगळ्या क्रमाने बोला. फक्त ताजी बोला. आणि पाचवा, जो मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो: चालू असलेलं वाक्य पुरं होऊ दे, मग थेट सर्वांत ताजी घोषणा बोल, मधल्या सोडून दे. शाळा सुटल्यासारखे दहा जण एकदम खोलीतून बाहेर पडले तर दहा वाक्यांऐवजी दोनच ऐकू येतात.

याच्याही पुढे जाऊन काही घोषणा शब्दांशिवाय करता येतात. आत येण्यासाठी चढता सूर, बाहेर जाण्यासाठी उतरता, माइक चालू झाल्यावर छोटी टिचकी. अंध वापरकर्त्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या टीमटॉक या गप्पांच्या ॲपमध्ये हे बारकाईने केलेलं आहे. कोणत्या घटनेला कोणता ध्वनी वाजावा आणि कोणती घटना बोलून दाखवावी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. डेन्मार्कमधल्या बेअरवेअरच्या या ॲपची ‘क्लासिक’ नावाची वेगळी आवृत्ती विंडोजवर मुद्दाम स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठीच दिली जात असे.

यंत्राचा आवाज किती वेगाने धावतो हेही सांगायला हवं. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक एनजी हा आवाज मिनिटाला १७५ शब्दांपासून सुरुवात करतो आणि ४५० पर्यंत सहज नेता येतो. सरावलेले लोक तो इतका वाढवतात की शेजारी बसलेल्याला शब्दच कळत नाहीत. हा आवाज माणसाच्या ध्वनिमुद्रणातून केलेला नाही, सूत्रांनी घडवलेला आहे. म्हणूनच कानाला थोडा रुक्ष लागतो आणि भरधाव वेगातही स्पष्ट राहतो. मराठीही त्याला येते. खोलीत कोणी देवनागरीत ‘जेवण झालं का?’ असं लिहिलं तर तो ते वाचून दाखवतो.

ध्वनीच्या खुद्द वाहतुकीत तितकं गूढ उरलेलं नाही. २०१२ मध्ये इंटरनेटसाठी प्रमाण ठरलेलं ओपस हे तंत्र आवाजाचे सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करतं, म्हणजे सेकंदाला ५०. कच्च्या स्वरूपात एका तुकड्यात ९६० नमुने असतात, १,९२० बाइट. सेकंदाला ३२ किलोबिट या वेगाने दाबल्यावर उरतात ८० बाइट, आणि बोलणं तरीही छान ऐकू येतं. वाटेत एखादा तुकडा हरवला तर आधीच्या तुकड्यांवरून अंदाजाने भोक बुजवलं जातं. इकडून निघालेला आवाज तिकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला की बोलणं अडखळत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

खरी झटापट होते ती एकाच संगणकातल्या दोन आवाजांची. विंडोजला वाटतं, संभाषण सुरू झालं म्हणजे बाकीचा गोंगाट कमी करावा. म्हणून संभाषणासाठी राखलेल्या मार्गाने ॲपने आवाज सोडला, की बाकी सगळे आवाज मूळ सेटिंगप्रमाणे ८० टक्क्यांनी खाली येतात. गाणी लावणाऱ्यासाठी ही सोय आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यासाठी मात्र गप्पा सुरू होताच पडदाच अंधुक होतो. एनव्हीडीएमध्येही उलट दिशेची तशीच सोय आहे: मी बोलेन तेव्हा इतरांचा आवाज खाली. दोन्ही चालू असले तर दोघं एकमेकांना दाबत बसतात. ॲपने साध्या मार्गाने आवाज सोडला तर निदान पहिली कुरघोडी टळते.

ब्लूटूथ हेडफोन लावले की आणखी एक पेच. नेहमीच्या ब्लूटूथवर माइक उघडला की हेडफोन स्टिरिओ सोडून फोनसारख्या एकपदरी आवाजावर उतरतात, सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांवर. मित्र जरा दबके ऐकू येतात, ते चालवून घेता येईल. पण स्क्रीन रीडरही दबका होतो आणि डाव्या-उजव्या कानाची वाटणी संपते. म्हणून वायरचे हेडफोन घ्या असा सल्ला मी बिनदिक्कत देईन.

हेडफोनच नसले तर स्पीकरमधून निघालेला यंत्राचा आवाज माइकमध्ये शिरतो. प्रतिध्वनी कापणारी यंत्रणा असते, पण बऱ्याच ॲपमध्ये तिला फक्त ॲपने स्वतः वाजवलेला आवाज ठाऊक असतो. स्क्रीन रीडर हा परका, त्याचा आवाज ती जाऊ देते आणि खोलीतल्या सगळ्यांना ‘मायक्रोफोन, टॉगल बटण’ ऐकावं लागतं. संगणकातून बाहेर पडणारा एकूण आवाज नमुना म्हणून दिला की हेही कापलं जातं. नाहीतर कळ दाबून बोलण्याची पद्धत आहेच. पण कळ निवडतानाही जपावं लागतं. इन्सर्ट आणि कॅप्स लॉक या एनव्हीडीएच्या स्वतःच्या कामाच्या कळा, त्यांना हात लावायचा नाही. कंट्रोल दाबली की एनव्हीडीए बोलता बोलता गप्प होतो. एखाद्याला हे अडचणीचं वाटेल. दुसऱ्याला नेमकं तेच हवं असेल, की मी बोलायला लागलो की यंत्राने थांबावं. त्यामुळे कळ निवडण्याचं काम वापरणाऱ्यावरच सोपवणं बरं.

संगणकावरचं गाणं किंवा नभोनाट्य सगळ्यांना ऐकवायचं असलं तर संगणकाचा आवाज खोलीत सोडावा लागतो आणि त्यासोबत स्क्रीन रीडरची बडबडही जाते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत यावर फार चांगला उपाय आहे: ‘अमुक प्रोग्रॅम वगळून बाकी सगळा आवाज दे’ असं ॲपला मागता येतं. एनव्हीडीए वगळला की खोलीत फक्त नाटक जातं आणि ऐकवणारा माणूस मागे निवांत कळा दाबत राहतो. पण समजा, एक अंध शिक्षक अशाच खोलीत विद्यार्थ्यांना एनव्हीडीए शिकवतोय. त्याला दाखवायचा आहे तो स्क्रीन रीडरचाच आवाज: ही कळ दाबली की काय ऐकू येतं, ती दाबली की काय. इतक्या खटपटीने गाळलेला आवाज त्याला पूर्ण वेगाने आणि पूर्ण आवाजात खोलीत सोडायचा असतो. म्हणून आवाज सोडण्याच्या खिडकीत ‘स्क्रीन रीडरचा आवाजही पाठवा’ अशी एक चौकट हवी, आणि धडा थांबवून ती शोधत बसायला लागू नये म्हणून तिला स्वतःची शॉर्टकट कळही हवी.