ताप गेला, थकवा का नाही गेला?

एक गंमत करून बघा. एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा धरा आणि मनगटाकडे, हाताच्या आतल्या बाजूला हळूच न्या. टेकतो का हाताला? जोर लावू नका, नसेल टेकत तर सोडून द्या.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा नाही टेकणार. पण प्रत्येक ग्रुपमध्ये एखादी तरी अशी असते जिचा सहज टेकतो. आमच्या ग्रुपमध्ये ती म्हणजे माझी रूममेट. करंगळी उलटी वाकवून दाखवायची आणि आम्ही 'ईईई, नको ना!' म्हणून ओरडायचो. शाळेत असताना योगासनांच्या स्पर्धेत तिला बक्षिसं मिळालेली. हॉस्टेलवर तिचं नाव होतं 'रबर'.

दुसऱ्या वर्षाला असताना पावसाळ्यात तिला ताप आला. अर्ध्या हॉस्टेलला आला होता. चार दिवस पॅरासिटामॉल, मेसमधली मुगाची खिचडी, आणि बाकी सगळ्या जणी पाचव्या दिवशी लेक्चरला हजर. रबर मात्र उठली नाही. पाचव्या दिवशी नाही, पंधराव्या दिवशी नाही, आणि खरं सांगायचं तर नीट अशी अजूनही नाही.

तिला विचारूनच हे लिहितेय. नाव टाकू नकोस, एवढंच म्हणाली.

रिपोर्ट नॉर्मल, ती नाही

तिचं काय व्हायचं ते सांगते. अंघोळ करून आली की अर्धा तास पडून राहायची. मेसच्या रांगेत उभी राहिली की छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. एक दिवस कॉलेजला गेली, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. वाचलेलं डोक्यात राहायचं नाही. रक्ताच्या तपासण्या झाल्या, ईसीजी झाला. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी 'परीक्षेचं टेन्शन घेऊ नकोस' असं सांगून परत पाठवलं. तोवर तिचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं होतं.

आणि मी? मी तिला म्हणाले, "अगं, पडून पडूनच सुस्ती येते. चल, सकाळी माझ्याबरोबर चालायला." दोन दिवस ती माझ्या आग्रहाखातर आलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी तिला बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागलं. तेव्हाही मला वाटलं, जरा जास्तच करतेय ही.

बऱ्याच महिन्यांनी खांदा सारखा निसटतो म्हणून ती एका फिजिओथेरपिस्टकडे गेली. त्या बाईंनी खांदा बघायच्या आधी विचारलं, "अंगठा वाकवून दाखव बरं." मग करंगळी, कोपर, गुडघे. मग गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकवायला सांगितले. नऊपैकी सात गुण. आयुष्यात पहिल्यांदाच जास्त मार्क मिळून वाईट वाटलं, असं ती म्हणते. या मोजणीला 'बायटन स्कोअर' म्हणतात. दोन्ही करंगळ्या, दोन्ही अंगठे, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे आणि कंबर, असे नऊ गुण. मोठ्या माणसांत पाच किंवा जास्त आले तर सांधे सर्वसाधारणपणे जास्त सैल आहेत असं धरतात. याला हायपरमोबिलिटी म्हणतात.

त्या बाईंचा पुढचा प्रश्न होता, "मध्यंतरी एखादा ताप येऊन गेला का, ज्यातून तू सावरलीच नाहीस?"

करंगळीचा आणि तापाचा काय संबंध? तोच शोधत मी इथपर्यंत आले.

अंगातला डिंक

अकरावी-बारावीला बायो घेतलं असेल तर 'संयोजी ऊतक' आठवत असेल. कनेक्टिव्ह टिश्यू. शरीरातला डिंक म्हणा हवं तर. हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध, स्नायू हाडाला जोडणारे कंडरे, कातडी, आतड्यांची आणि रक्तवाहिन्यांची भिंत, सगळ्यात तो आहे. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन.

काही जणांत हा डिंक जन्मतःच सैल असतो. त्यातल्या आजारांच्या एका गटाचं नाव एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम. डेन्मार्कचे एहलर्स यांनी १९०१ मध्ये आणि फ्रान्सचे डॅनलॉस यांनी १९०८ मध्ये असे रुग्ण नोंदवले. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे तेरा प्रकार मांडले गेले. बहुतेक प्रकारांचं जनुक सापडलं आहे. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या, सैल सांध्यांच्या प्रकाराचं मात्र नाही. त्यामुळे त्याला रक्ताची चाचणी नाही. डॉक्टरांनी तपासून आणि घरातल्यांचा इतिहास विचारूनच ठरवायचं.

आता घाबरून अंगठे मोजत बसू नका. मुंबईतल्या आठशेहून जास्त निरोगी मुलामुलींची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे सांधे या मोजपट्टीवर सैल निघाले! आपल्याकडे लवचिक अंग हे सर्रास आहे. मल्लखांबावरची पोरं, भरतनाट्यमच्या क्लासमधल्या मुली आठवा. लवचिक असणं हा आजार नव्हे. प्रश्न येतो तो लवचिकपणाबरोबर दुखणं, सांधे निसटणं, चक्कर आणि न जाणारा थकवा असेल तेव्हा.

आकडे काय म्हणतात?

हा संबंध कोविडनंतर कुणाला सुचला असं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे बालरोगतज्ज्ञ पीटर रो यांच्याकडे महिनोन्महिने थकलेली मुलं यायची. १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा बारा रुग्णांबद्दल लिहिलं, ज्यांना दीर्घ थकव्याचा आजार होता, उभं राहणं सोसत नव्हतं आणि एहलर्स-डॅनलॉसही होता. पुढे २००२ मध्ये त्यांच्या गटानं थकव्याचा आजार असलेली मुलं आणि निरोगी मुलं यांची तुलना केली. सैल सांधे आजारी मुलांत ६० टक्के, निरोगी मुलांत २४ टक्के.

या आजाराचं लांबलचक नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई/सीएफएस. बऱ्याच जणांत तो एखाद्या विषाणूच्या संसर्गानंतर सुरू होतो. स्वीडनमध्ये २०२० साली अशा २२९ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्या जणांचे सांधे सैल होते.

मग आला लाँग कोविड. ब्रिटनमध्ये जेसिका एकल्स आणि सहकाऱ्यांनी कोविड होऊन गेलेल्या ३०६४ जणांची माहिती तपासली आणि २०२४ मध्ये मांडली. ज्यांचे सांधे सैल होते, त्यांनी 'मी अजून पूर्ण बरा झालेलो नाही' असं सांगण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी जास्त होती.

इथे थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्या. याचा अर्थ सैल सांध्यांच्या ३० टक्के लोकांना लाँग कोविड होतो, असा नाही. शिवाय ही माहिती लोकांनी स्वतः भरून दिलेली होती. दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, हेही सिद्ध होत नाही. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वर्षी तेच पुन्हा पुन्हा दिसतंय, तेव्हा डॉक्टरांनी एकदा अंगठा वाकवून बघायला काय हरकत आहे?

उभं राहिलं की काय होतं?

सगळ्यात पटण्यासारखं स्पष्टीकरण रक्ताचं आहे. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. पायांतल्या शिरा आवळल्या जातात आणि ते परत वर ढकलतात. शिरांच्या भिंतीच सैल असतील तर? रक्त खाली साठून राहतं, हृदयाकडे कमी परततं, मेंदूला कमी पडतं. मग ती कसर भरायला हृदय जोरात धावतं. जुन्या, ढिल्या झालेल्या रबरी नळीतून तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवायचं म्हटलं तर पंपाचं जे होईल, तेच.

याचं एक रूप म्हणजे पॉट्स. पडलेल्या अवस्थेतून उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा जास्त वाढतात आणि वाढलेलेच राहतात, पण रक्तदाब मात्र फारसा पडत नाही. १२ ते १९ वयात ही मर्यादा ४० धरतात. सैल सांध्यांच्या लोकांत, एमई/सीएफएसमध्ये आणि लाँग कोविडमध्ये, तिन्हीकडे पॉट्स भेटतो. अंदाज असा, की सैल डिंकाचं शरीर एरवी कसंबसं तोल सांभाळत असतं आणि एखादा विषाणू येऊन तो तोल घालवतो. संसर्गातल्या दाहामुळे डिंक आणखी कमकुवत होत असेल, असाही एक विचार आहे. यावर अजून काम चालू आहे.

म्हणजे मेसच्या रांगेत रबर नाटक करत नव्हती. तिचं हृदय रांगेत उभं राहूनच धावत होतं.

'नाटकं करतेय' हे जुनंच निदान

१९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक साथ आली. २९२ कर्मचारी आजारी पडले, हॉस्पिटल काही काळ बंद ठेवावं लागलं. अनेकांना पुढे बराच काळ त्रास राहिला. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न भेटता जुने कागद चाळले आणि हा 'मास हिस्टेरिया' होता असं लिहून टाकलं. त्यांचं एक कारण काय? आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या.

आता त्यात काय, जुना काळ होता, असं वाटेल. २०११ मध्ये हार्वर्डला पीएचडी करणाऱ्या जेनिफर ब्रिया हिला मोठा ताप आला आणि ती त्यातून उठलीच नाही. न्यूरॉलॉजिस्टनं निदान केलं ते मानसिक आजाराचं. पुढे एमई/सीएफएस निघाला. अंथरुणात पडून तिनं 'अनरेस्ट' ही डॉक्युमेंटरी केली, ती २०१७ मध्ये आली. मग तिच्या मानेच्या वरच्या भागातले सांधे अस्थिर असल्याचं आढळलं. कनेक्टिव्ह टिश्यूच्या आजारांत अशी अस्थिरता दिसते. शस्त्रक्रियांनंतर, २०१९ मध्ये, तिनं आपला आजार ओसरल्याचं जाहीर केलं. ही एकटीची गोष्ट आहे, आणि मानेची शस्त्रक्रिया हा काही सरसकट उपाय नाही. पण तिचा आजार मनातच आहे म्हणून सगळे थांबले असते, तर मान तपासली कुणी असती?

मग करायचं काय?

व्हायरलनंतर तीन-चार आठवडे अशक्तपणा राहणं नेहमीचं आहे. त्यानंतरही थकवा हटत नसेल तर आधी साध्या गोष्टी तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर, आणि आपल्याकडे टीबीसुद्धा. गुगलवर स्वतःचं निदान करू नका. डॉक्टरांना मात्र चार गोष्टी आपणहून सांगा: उभं राहिल्यावर काय होतं, दगदगीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं, सांधे निसटतात का, घरात आणखी कुणाला असं आहे का. झोपून आणि उभं राहून नाडी मोजायला सांगा. त्याला मशीन लागत नाही, घड्याळ लागतं.

दगदगीनंतर एक-दोन दिवसांनी आजार उसळणं ही एमई/सीएफएसची खूण आहे. अशा रुग्णांना 'रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा' असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमधून तो सल्ला काढून टाकला. आता भर आहे तो आपली ताकद ओळखून ती पुरवून वापरण्यावर. याला पेसिंग म्हणतात. मोबाइलची बॅटरी २० टक्क्यांवर असताना आपण रील्स बघत नाही, फोन करायला ती राखून ठेवतो. तसंच.

पॉट्समध्ये पाणी आणि मीठ वाढवणं, घट्ट मोजे घालणं यांचा उपयोग होतो, पण ते डॉक्टरांना विचारून. आणि सांधे सैल असतील तर कट्ट्यावर वाकवून दाखवणं बंद करा. अशा अंगाला आणखी ताणायची नाही, सांध्याभोवतीचे स्नायू हळूहळू भक्कम करायची गरज असते, तेही जाणकार फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली.

आणि तुम्ही दुसरे असाल तर?

हा लेख वाचणाऱ्यांत रबर थोड्या असतील, माझ्यासारख्या जास्त. म्हणून हे आपल्यासाठी. 'काल तर बरी होतीस की!' हे वाक्य तोंडातून काढू नका. कालचं बरं असणं ती आज फेडत असते. रांगेत तिचा नंबर लावा, तिला बसू द्या. नोट्सचे फोटो न मागता पाठवा. मेडिकल सर्टिफिकेट ऑफिसात नेऊन द्यायचं असेल तर तुम्ही जा, त्या तीन जिन्यांत तिचा अख्खा दिवस जातो.

रबर आता एका वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांत करतेय. आठवड्यातून तीन दिवस कॉलेज, मधले दिवस रिकामे. पूर्ण बरी होईल की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "चालायला नेलंस ते जाऊ दे. तू मला खोटारडी समजलीस, ते लागलं."

परवा मेसमध्ये गेलो तेव्हा मी रांगेत उभी राहिले, ती खुर्चीवर बसली. मागून कुणीतरी म्हणालं, "महाराणी आल्या बघा." मी मागे वळले आणि त्या मुलीला विचारलं, "तुझा अंगठा मनगटाला टेकतो का गं?" मग जेवण होईपर्यंत तिला हे सगळं सांगत बसले.