महानगरीय अलिप्तता आणि उपनगरी गाडीतील समूहजीवन

शहरातला माणूस शेजाऱ्याला ओळखत नाही, रस्त्यात कोणी कोसळले तरी थांबत नाही, ही तक्रार महानगरांइतकीच जुनी आहे. खेड्यातला मायाळू माणूस नगरात येताच पाषाणहृदयी बनतो, असे एक नैतिक गृहीतक तिच्या मुळाशी असते. समाजशास्त्राने या गृहीतकाची जी चिकित्सा केली, तिचा आरंभ गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताच्या १९०३ मधील निबंधापासून धरला जातो. ड्रेस्डेन येथे भरलेल्या नगरप्रदर्शनाच्या निमित्ताने योजिलेल्या व्याख्यानांतून हा निबंध सिद्ध झाला.

झिमेलचे म्हणणे थोडक्यात असे. महानगरात मनावर होणाऱ्या आघातांची संख्या आणि गती इतकी वाढते की, प्रत्येक आघाताला अंतःकरणपूर्वक प्रतिसाद देऊ पाहणारा माणूस दिवसअखेर उद्ध्वस्त होईल. म्हणून भावनेच्या जागी बुद्धी पुढे होते आणि इंद्रियांना एक प्रकारची बधिरता येते. परक्यांशी वागताना माणूस हातचे राखून वागू लागतो. पैशाच्या व्यवहाराने सर्व वस्तू एकाच मापाने मोजण्याची सवय लावलेली असतेच. ती या वृत्तीस पोषक ठरते. अलिप्तता हे अशा रीतीने मनाचे चिलखत होय. तथापि याच अलिप्ततेने व्यक्तीला गावकीच्या डोळ्यांपासून मुक्त केले, हेही झिमेलने तितक्याच आग्रहाने सांगितले आहे; त्याचे टीकाकार नेमका हाच भाग विसरतात.

पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅम याने १९७० मध्ये हाच विचार अधिक व्यवहारी भाषेत मांडला. ग्रहणशक्तीपेक्षा अधिक भार पडला की कोणतीही व्यवस्था तो भार चुकविण्याच्या युक्त्या शोधते: प्रत्येक भेटीला कमी वेळ द्यावयाचा, बिनमहत्त्वाचे दिसेल ते गाळावयाचे, आणि शक्य तेथे ओझे समोरच्याच्या खांद्यावर टाकावयाचे. न्यूयॉर्कच्या बसचालकांनी मोड देणे बंद केले आणि नेमके भाडे जवळ बाळगण्याची जबाबदारी उतारूवर आली, हे त्याचे उदाहरण. ‘सुटे पैसे द्यावेत’ ही पाटी वाचतच मोठ्या झालेल्या मुंबईकरास ते निराळे समजावून देण्याची गरज नाही.

मिलग्रॅमने १९७२ मध्ये लिहिलेला दुसरा लेख प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे. न्यूयॉर्कच्या उपनगरी स्थानकांवर उभ्या असलेल्या उतारूंची छायाचित्रे घेऊन ती त्याच उतारूंना दाखविण्यात आली. वर्षानुवर्षे शेजारी उभे राहूनही एक शब्द न बोललेला चेहरा बहुतेकांनी ओळखला. अशा माणसाला मिलग्रॅमने ‘परिचित अनोळखी’ म्हटले. त्याच्याशी न बोलणे हादेखील एक करारच असतो. रोज भेटणाऱ्याशी एकदा बोलणे सुरू केले की ते रोजच करावे लागेल.

मुंबईच्या उपनगरी गाडीत हा करार मोडतो, आणि तो कसा मोडतो हे पाहण्यासारखे आहे. येथील गर्दी झिमेलच्या बर्लिनला स्वप्नातही दिसली नसती. ऐन गर्दीच्या वेळी डब्यातील एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असतात, असा हिशेब रेल्वेच्या परिभाषेतच रूढ झालेला आहे. इतक्या निकट सान्निध्यात केवळ नजर चुकवून निभावत नाही. कोणाचा कोपर कोठे असावा याचाही काही संकेत लागतो. शिवाय कचेरीची वेळ ठरलेली, गाडीची वेळ ठरलेली, डबा ठरलेला. त्यामुळे तीच माणसे त्याच दाराशी येतात. यातून अलिखित नियमांची एक संहिता उभी राहिली. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, आणि ‘चौथी सीट’ हा त्याचा हक्क मानला जातो. बसलेल्याने काही स्थानकांनंतर उभ्या सोबत्याला जागा द्यावी, असाही रिवाज कित्येक गटांत असतो. कोठे भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन बसते, दसऱ्याला डब्याला तोरण लागते. स्त्रियांच्या डब्यात संक्रांतीचे हळदीकुंकू होते, आणि परतीच्या वाटेवर रात्रीची भाजीही निवडून होते.

या नात्यांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या मर्यादेत आहे. गाडीतल्या मित्राचे आडनाव ठाऊक असते, घराचा पत्ता बहुधा नसतो. मुलाच्या परीक्षेपासून सासूच्या आजारापर्यंत सर्व बोलले जाते, कारण ऐकणारा उतरून जाणार असतो. घरात जे बोलता येत नाही आणि कचेरीत बोलणे धोक्याचे असते, त्याला येथे तासाभराची जागा मिळते. झिमेलने अलिप्तता आणि जवळीक यांना परस्परांपासून दूर ठेवले होते. येथे दोन्ही एकाच बाकावर बसलेल्या दिसतात.

ही रचना आकाशातून पडलेली नाही. गिरणगावात रत्नागिरी-साताऱ्याकडील एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत. पाळीप्रमाणे एक कामावर जाई तेव्हा दुसरा त्याच जागेवर झोपे. जेवण एखाद्या बाईच्या खानावळीत, आणि अडीअडचणीला गावच्या मंडळाची वर्गणी. नगराचा ताण तेथे एकट्या व्यक्तीच्या मनावर सोपविलेला नव्हता; तो वाटून घेतला जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि माणसे विरार, कल्याण, बदलापूरकडे सरकली. चाळीच्या गॅलरीतील काही व्यवहार त्यांच्यासोबत गाडीच्या डब्यात आला, असे म्हणण्यास जागा आहे.

मात्र या समूहजीवनाचे गोडवे गाऊन थांबणे शास्त्राला धरून होणार नाही. जो गट आपल्या सोबत्यासाठी रुमाल टाकून जागा राखतो, तोच परक्याला ती नाकारतो. विरारच्या गाडीत बोरिवलीचा उतारू चढला की दाराशी जे घडते, ते पश्चिम मार्गावरील प्रत्येकास ठाऊक आहे. गटाबाहेरच्या नवख्याला अलिप्ततेचे रक्षण मिळत नाही आणि जवळिकीचेही नाही. चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीची गाडी १९९२ मध्ये सुरू झाली. तिची गरज का भासली, याचे उत्तर सर्वसाधारण डब्यातील आपुलकीच्या वर्णनांत सापडत नाही.

महासाथीच्या काळाने हे अधिक स्पष्ट केले. मार्च २०२० मध्ये उपनगरी वाहतूक थांबली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती उघडली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना प्रवेश मिळाला, पण तो गर्दीच्या वेळा वगळून. म्हणजे ज्या घटकांवर हे गट उभे होते, त्या ठरावीक गाडी आणि ठरावीक मिनिटाचीच त्यांना बंदी झाली. प्रवास परत मिळाला तरी सोबत तेवढ्याने परत मिळण्यासारखी नव्हती.

या साऱ्याचा पाया वेळेच्या नियमिततेत आहे, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. नियमितता ही कायम नोकरीची देणगी होय. पाळी दर आठवड्याला बदलणारा पहारेकरी, मागणी येईल तेव्हा निघणारा घरपोच सामान देणारा तरुण, चार घरांची कामे उरकून कधी दुपारी तर कधी रात्री परतणारी मोलकरीण यांना ‘आपली गाडी’ नसते. दाराशी उभ्या राहिलेल्या अशा माणसाचा चेहरा कोणाच्याच ओळखीचा होत नाही, आणि त्याने कानांत घातलेले यंत्र हेच बहुधा त्याचे एकट्याचे चिलखत असते.