कुरतडलेली चौकट काय सांगते

कुत्रा असलेल्या घरात नूतनीकरणाचा विषय निघाला की बोलणं साहित्यापासून सुरू होतं. सोफ्याला कोणतं कापड टिकेल, दाराला लाकडी चौकट ठेवावी की ग्रॅनाइटची, चपलांच्या कपाटाला प्लाय वापरावा की स्टील. यामागची हतबलता समजण्यासारखी आहे. कोपऱ्यातून सोललेला सनमायका, बाहेर ओढलेला फोम, खालून दोन फुटांपर्यंत नखांनी खरवडलेलं फ्लश डोअर हे सगळं रोज डोळ्यांसमोर असतं, आणि सुताराची मजुरी काही कमी होत नाही. पण एवढा खर्च करूनही महिन्या-दोन महिन्यांत नवं दार जुन्याच दाराच्या वळणावर जातं, अशी कितीतरी घरं आहेत. कारण कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. मोडतोड का होते हे आधी शोधायचं, मग कुत्र्याचा दिवस बदलायचा आणि त्यानंतरच साहित्याला हात घालायचा. हा क्रम पाळला तर पैसे वाचतातच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या जनावराचे हाल थांबतात.

कारण शोधायचं तर नुकसानीची जागा आणि वेळ नीट पाहावी लागते. मोडतोड फक्त घरात कोणी नसताना होत असेल, तीही मुख्य दार, चौकट, उंबरठा किंवा बाहेर दिसणारी खिडकी इथेच होत असेल, तर हा बहुधा खोडकरपणा नसतो. माणूस निघून गेल्यावर येणाऱ्या तीव्र भीतीची ती खूण आहे. पशुवैद्यक या अवस्थेला सेपरेशन अँक्झायटी म्हणतात. असा कुत्रा एकटा पडल्यावर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच धापा टाकू लागतो, लाळ गाळतो, रडतो, दार उकरतो. कधी शिकवलेलं असूनही घरातच शू करतो. याउलट चपला, रिमोट, उशी, मुलांची खेळणी अशा हाताचा-अंगाचा वास लागलेल्या वस्तू घरभर चावलेल्या सापडत असतील आणि घरात माणसं असतानाही हे चालत असेल, तर कंटाळा किंवा कोवळं वय ही कारणं आधी तपासावीत. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्याच्या हिरड्या शिवशिवत असतात. त्या काळात खुर्चीचा पाय त्याला लागतोच. फक्त दिवाळीत किंवा वळवाच्या गडगडाटात दार फोडणारा कुत्रा आवाजाला भितो. आणि भिंत, फरशी, सोफा सतत चाटत बसणाऱ्या कुत्र्याचं तर पोट आधी तपासावं. माँट्रियलच्या पशुवैद्यकांनी २०१२ साली अशी सवय असलेले १९ कुत्रे तपासले, तेव्हा त्यांतल्या १४ जणांत पचनसंस्थेचे दोष आढळले. घरच्यांनी ज्याला चाळा म्हणून सोडून दिलं असतं, ते बऱ्याच ठिकाणी आजारपण होतं.

जातीचाही विचार करायला हवा, कारण घर निवडताना आपण चौरस फूट मोजतो आणि कुत्रा निवडताना मात्र चेहरा पाहतो. लॅब्राडोर रिट्रीव्हर शिकार तोंडात धरून आणण्यासाठी घडवला गेला, त्यामुळे वस्तू तोंडात घेणं हा त्याचा स्वभावच आहे. टेरियर जातींचं काम बिळं उकरण्याचं, बीगलचं तासन्‌तास वास काढत फिरण्याचं. हस्की बर्फात मैलोन्‌मैल गाडी ओढायला जन्माला आलेला. आपल्याकडचा कारवान माळरानावर सशामागे धावणारा. यांपैकी कोणीही दोन खोल्यांच्या घरात सुखाने राहू शकतो, पण ज्या कामासाठी त्याचं शरीर घडलं त्याची थोडीतरी भरपाई दिवसात कुठेतरी व्हायला हवी. ती झाली नाही तर ते काम तो गादीवर करतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जुन्या पिढीतलेच नव्हे तर तरुणही घेतात: एवढं कौतुक कशाला, एक फटका दिला की सुधारतो, आपण घरी आलो की मान खाली घालून बसतो, म्हणजे चूक त्याला कळलेली असते. या समजुतीची तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांनी मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही याची मालकांना काही वेळा मुद्दाम चुकीची माहिती दिली होती. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. खाऊला तोंडही न लावलेले कुत्रे रागावल्यावर तितकेच ओशाळवाणे दिसले. म्हणजे मान खाली घालणं ही कबुली नाही, ती आपल्या आवाजाची आणि हातवाऱ्यांची धास्ती आहे. संध्याकाळी सात वाजता दिलेला मार सकाळी दहाच्या चौकटीशी कुत्रा जोडू शकत नाही. मालक परत येणं म्हणजे मार, एवढंच तो शिकतो. जो एकटेपणाच्या भीतीने दार फोडत होता, त्याच्या भीतीत यामुळे भरच पडते. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २०२१ साली शिक्षेऐवजी बक्षिसावर आधारलेलं प्रशिक्षणच वापरावं अशी स्पष्ट भूमिका घेतली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, जाण्यायेण्यात दोन-तीन तास जातात. कुत्र्यासाठी वेळ आणायचा कुठून? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. पण आहे तो वेळ वेगळ्या तऱ्हेने वापरता येतो. सकाळी पट्टा ओढत सोसायटीला घाईघाईत तीन फेऱ्या मारण्याऐवजी तेवढाच वेळ कुत्र्याला झाडाचे बुंधे, गवत, कुंपण मनसोक्त हुंगू द्यावं. वास घेणं हे त्याच्या मेंदूचं मोठं काम आहे आणि ते झालं की तो घरी येऊन निवांत पडतो. वाडग्यातलं जेवण मिनिटभरात संपतं. तेच जेवण जाड रबराच्या पोकळ खेळण्यात दाबून भरलं, वाटल्यास फ्रीजरमध्ये गोठवून दिलं, तर ते चाटून-चावून काढण्यात त्याचा बराच वेळ जातो. अशा खेळण्यांतलं सर्वांत प्रसिद्ध ‘काँग’ जन्मालाच अशा अडचणीतून आलं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोराडोत जो मार्कम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी भाग त्याला इतका आवडला की त्याच आकारावरून मार्कम यांनी खेळणं तयार केलं. कुत्र्याचं चावणं बंद करायच्या फंदात ते पडले नाहीत, त्यांनी चावायला योग्य वस्तू दिली. आपल्या घरात हे खेळणं साध्या भाताने आणि उकडलेल्या चिकनने भरता येतं. मात्र कांदा, मनुका आणि झायलिटॉल हा गोड पदार्थ असलेलं काहीही त्यात जाता कामा नये, कारण ही तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत. एकटेपणाची भीती असेल तर नुसतं खेळणं पुरत नाही. तिथे दाराबाहेर काही सेकंद, मग मिनिट, मग पाच मिनिटं अशी सवय हळूहळू वाढवत न्यावी लागते, आणि गरज असेल तर पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली औषधंही द्यावी लागतात. त्यात कमीपणा काही नाही.

मग बांधून का ठेवू नये, असंही विचारलं जातं. थोड्या वेळासाठी, सवय लावून, प्रशस्त जागेत ठेवणं वेगळं आणि दिवसभर गॅलरीच्या गजाला आखूड साखळीने बांधणं वेगळं. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ जनावर बांधून ठेवणं क्रूरता मानतो. घाबरलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडलं तर तो गजांवर दात मोडून घेतो, नखं उखडून घेतो. जाडजूड साहित्य हाच उपाय मानण्यातही हाच धोका आहे. दार लोखंडी केलं की दार वाचतं, भीती जात नाही. ती भुंकण्यातून बाहेर पडते आणि सोसायटीच्या सभेत तक्रार होऊन येते.

तरीही साहित्याचा विचार करावाच, फक्त तो कारण कळल्यावर. चौकटीला खालून तीनेक फूट स्टेनलेस स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा मारला तर संपूर्ण चौकट बदलण्याची वेळ टळते आणि कुत्रा सुधारल्यावर तो काढताही येतो. भिंतीच्या खालच्या भागाला धुता येईल असा रंग किंवा टाइल लावावी. कपाटांच्या खालच्या कडा उघड्या राहिल्या की तिथूनच सनमायका सोलायला सुरुवात होते, म्हणून कडांच्या पट्ट्या पक्क्या बसवून घ्याव्यात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड लघवीच्या ओलाव्याने फुगतात, ते जमिनीलगत टाळावेत. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर कुत्र्याचे पाय घसरतात, म्हातारपणी तर उठणंही कठीण होतं. मॅट टाइल किंवा पॉलिश न केलेला कोटा, शहाबाद यांवर पायाला पकड मिळते. विजेच्या बाबतीत मात्र थांबू नये. लोंबणाऱ्या वायरी पाइपात किंवा पट्टीत घालून घ्याव्यात आणि मुख्य बोर्डावर वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. २३० व्होल्टची वायर चावणारं पिल्लू त्यामुळे वाचू शकतं, आणि घरातलं लहान मूलही.

नूतनीकरण चालू असतानाचे दिवस कुत्र्यासाठी सर्वांत वाईट, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत; कटर आणि ड्रिल त्याला कसे ऐकू येत असतील याची कल्पना करावी. गवंडी, सुतार, रंगारी यांची ये-जा चालू असते, दार सताड उघडं राहतं आणि घाबरलेला कुत्रा रस्त्यावर पळतो. ओल्या सिमेंटच्या अल्कलीने पंजे आणि तोंड भाजतं. पॉलियुरेथेनचा काही प्रकारचा गोंद पोटात गेल्यावर फुगून घट्ट गोळा होतो आणि तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. वाळवीच्या औषधाचाही कुत्र्याशी संपर्क येता कामा नये. जुन्या इमारतींत आणखी एक अदृश्य संकट आहे. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे भारताचे नियम २०१६चे, लागू झाले १ नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. ते पॉलिश पेपरने घासलं की धूळ फरशीवर बसते, कुत्रा त्यावर चालतो आणि पंजे चाटतो. रांगणाऱ्या बाळालाही हाच धोका आहे. म्हणून जुना रंग ओला करून घासायला सांगावं, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि तोडफोडीच्या दिवसांत कुत्र्याला ओळखीच्या घरी किंवा खात्रीच्या ठिकाणी ठेवावं.

तुमच्या घरात चावलेली चौकट असेल तर आज एवढं करा. जुना मोबाइल दाराकडे तोंड करून ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि नेहमीसारखे बाहेर पडा. अर्ध्या तासाने परत या आणि ती चित्रफीत पशुवैद्यकाला दाखवा. या चित्रीकरणाला पैसे लागत नाहीत, आणि सुताराचं अंदाजपत्रक दोन दिवस थांबलं तरी चालेल.