रस्ता रुंद केला की झालं? गेडिस यांचा १९१८ चा इंदूर अहवाल आणि आजचे रस्ते

राजवाड्यावरून पायी निघालं की इमली बाजार आणि खजुरी बाजार लागतात. जरा लांब नौलखा. तिथे एके काळी नऊ लाख झाडांची बाग होती असं जुनी माणसं सांगतात. आकडा खरा असो वा नसो, चिंच आणि खजूर आता दुकानांच्या पाट्यांवर उरले आहेत. मे महिन्यात दुपारी या रस्त्यांवरून चालून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

हे कसं झालं ते मला थोडंफार ठाऊक आहे, कारण मीही त्याच कामात होतो. मी रस्त्यांवरचा इंजिनिअर. रुंदीकरणाचं अंदाजपत्रक करताना विजेचे खांब, पाण्याच्या लाइनी आणि झाडं एकाच यादीत यायची. यादीचं नाव ‘अडथळे’. खांब सरकवता यायचा, लाइन वळवता यायची. झाडापुढे शेरा एकच, ‘काढणे’. एकदा कडुलिंबाच्या अख्ख्या रांगेपुढे तो शेरा मी स्वतः लिहिला. तेव्हा काहीच वाटलं नाही. नोकरी सोडून इतिहासाच्या नादी लागलो आणि पॅट्रिक गेडिस यांचा अहवाल वाचला, तेव्हा ती रांग आठवली.

गेडिस इंदुरात कसे आले?

गेडिस (१८५४–१९३२) स्कॉटलंडचे. मूळ विषय वनस्पतिशास्त्र. डंडीच्या कॉलेजात त्याचेच प्राध्यापक. शहरसुद्धा झाडासारखंच वाढतं, म्हणून आधी त्याची प्रकृती बघावी आणि मग औषध द्यावं, ही त्यांची पद्धत. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले, आणि तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या दरबाराने त्यांना इंदूरच्या नगररचनेचं काम दिलं. १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला.

त्या काळात शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांच्या चरित्रांत दिवाळीच्या मिरवणुकीची हकीकत येते. त्यांनी महाराजांकडून एक दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलं की यंदाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही; ज्या गल्ल्यांनी सफाई आणि डागडुजी उत्तम केली असेल, तिथूनच जाईल. मग काय, आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून शहर झाडूनपुसून निघालं! मिरवणुकीत सफाई कामगार नवे शुभ्र कपडे आणि हार घालून मानाने चालले. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे पुतळे शेवटी जाळले गेले.

आपण ही हकीकत गंमत म्हणून सांगतो. पण तिच्यात एक हिशेब आहे. रस्ता चांगला राहायचा तर तो ज्यांच्या दारासमोर आहे, त्यांना तो आपला वाटला पाहिजे.

अहवाल काय सांगतो?

आजच्या कामाचे तीन मुद्दे त्यात आहेत.

पहिला गल्ल्यांचा. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायला गेडिस यांचा विरोध होता. त्याने घरं जातात, माणसं उठतात, आणि नव्या रस्त्यावर पुन्हा गर्दी होतेच. त्यांचा उपाय लहान: मोडकळीस आलेली मोजकी घरं काढायची, त्या जागेत छोटा चौक करायचा, तिथे झाड लावायचं. याला ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. गल्ली अरुंदच राहते, पण तिला हवा आणि सावली मिळते, आणि माणूस पायी चालू शकतो.

दुसरा पाण्याचा. सगळं सांडपाणी नळांतून लांब नेण्याच्या खर्चिक योजनेपेक्षा ते बागांच्या मातीला द्यावं, असं त्यांचं मत. खान आणि सरस्वती नद्यांचे काठ त्यांना बागांसाठी हवे होते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं राहून आजची नदी पाहिली, की किती संधी गेली ते दिसतं.

तिसरा अंतराचा. गिरणी कामगारांची वस्ती कामाच्या जवळ असावी आणि घरापुढे बागेला जागा असावी. प्रवासाचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रवासच कमी करणं, हे सूत्र इथे आहे.

आज काय झालं?

इंदूरने पुढे प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. २०१३ मध्ये ए.बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बसमार्ग सुरू झाला. बससाठी मधोमध वेगळी लेन, हा विचार चांगला होता. पण थांबा रस्त्याच्या मध्यावर, म्हणजे बस पकडायला प्रत्येकाने वाहनांची रांग ओलांडायची. आणि थांब्यापर्यंत उन्हातून चालायचं. बस शास्त्रशुद्ध, चालणारा वाऱ्यावर. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर हा मार्ग काढायचं ठरलं.

दुसरीकडे, देवगुराडियाला २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ५५० टन, आणि तो गॅस शहरातल्या बसगाड्यांना मिळतो. भाजीची देठं घेऊन बस चालते! टाकाऊतून घडवायचा हा विचार इंदूरला नवा नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, आणि ती याच नावाने जगभर गेली.

मग झाडं? जुलै २०२४ मध्ये रेवती टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपं लावून इंदूरने विश्वविक्रम केला. टेकडी हिरवी झाली तर आनंदच आहे. पण बसथांब्यावर उभ्या असलेल्या म्हातारीला टेकडीवरची सावली मिळत नाही. तिच्यासाठी थांब्यापाशी एक करंज पुरे, फक्त त्याच्या बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. बुंध्याला भिडवून फरशा बसवल्या की पाणी मुळांत जात नाही, आणि चार-पाच वर्षांत झाड वाळतं. हे मी कागदावर वाचलेलं नाही, साइटवर पाहिलेलं आहे.

माझ्या मते शिकायचं ते एवढंच: रस्त्याचं माप नुसतं मीटरमध्ये घेऊ नका. घरापासून थांब्यापर्यंत, शाळेपर्यंत, बाजारापर्यंत माणूस सावलीतून जाऊ शकतो का, ते मोजा. बस, मेट्रो सगळं त्यानंतर.

मंडळाच्या वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या लग्नाच्या किंवा दुकानाच्या फोटोंत मागे रस्ता आणि झाडं दिसत असतील, तर साल आणि ठिकाण लिहून पाठवा. कुठल्या वळणावर काय उभं होतं, याचा नकाशा करायला घेतलाय. त्यात माझ्या शेऱ्याने गेलेली कडुलिंबाची रांग मी आधीच दाखवली आहे.