गैरहजर स्वराची हजेरी

आवडत्या गाण्याचा तुकडा कापून त्याची रिंगटोन करण्याचा उद्योग आता इतका सुलभ झाला आहे की त्यासाठी घरातील नातवंडांची मनधरणी करण्याचेही कारण उरलेले नाही. तथापि हा उद्योग यथासांग पार पाडल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी आमच्याकडे जी तक्रार रुजू केली आहे, ती मोठी मार्मिक आहे. घरच्या मोठ्या स्पीकरवर जो डग्गा छातीत घुमत असे, तो फोनमध्ये शिरताच नाहीसा झाला. परंतु त्याच गाण्यामागे चाललेला तंबोऱ्याचा खर्ज मात्र जागच्या जागी ऐकू येतो. यंत्राने हा पक्षपात का करावा, असा त्यांचा सवाल आहे.

डग्ग्यापुरते उत्तर सोपे आहे. तेवढाच आवाज राखून एक सप्तक खाली उतरायचे, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. फोनमधला नखाएवढा पडदा काही शे हर्ट्झच्या खाली हात टेकतो, आणि डग्ग्याचे बहुतेक वैभव तर त्याच्याही खालच्या मूळ कंपनात साठलेले असते. ‘दमदार बास’ देऊ करणारी अ‍ॅप्स हा पडदा तसूभरही रुंद करू शकत नाहीत, हे त्यांच्या जाहिराती वाचताना ध्यानात ठेवावे.

खर्जाची गोष्ट मात्र निराळी. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा. तोही फोनमधून बाहेर पडत नाही. बाहेर पडतात ते त्याचे ३५०, ४२०, ४९० असे वरचे स्वरांश, आणि त्या प्रत्येकातले अंतर ७० आहे एवढ्या पुराव्यावर आपली श्रवणशक्ती गैरहजर षड्जाची हजेरी मांडून मोकळी होते. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, तरी वडिलांचा भारदस्त आवाज पोरका झाला नाही, तो याच न्यायाने. तंबोऱ्याला तर स्वरांशांचे विशेष ऐश्वर्य आहे: तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिरबिंदू पडतो ते स्वरांश उमटू नयेत, हा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम जवारीची घोडी धुडकावून लावते, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यात दाखवून दिले होते.

हेल्महोल्ट्झचे नाव निघालेच आहे, तर या प्रकरणातील एका अन्यायाची दाद मागितल्यावाचून राहवत नाही. ड्रेस्डेनच्या ऑगस्ट सीबेकने १८४१ साली छिद्रांची तबकडी फिरवून तिच्यावर हवेचा झोत सोडला, आणि एकाआड एक छिद्र किंचित सरकवून असा ध्वनी घडवला की ज्यात मूळ कंपन गणिताने नगण्य ठरावे, पण कानाला तोच स्वर ठळक ऐकू यावा. विद्युतरोधाच्या नियमाने आपल्याला शाळेपासून परिचित असलेल्या ओहमने १८४३ साली प्रतिपादन केले की ध्वनीत जी साधी कंपने असतात तेवढीच कानाला ऐकू येतात. मग सीबेकचा अनुभव हा निव्वळ कर्णभ्रम ठरला. स्वर कशाला म्हणावे याचा निवाडा कानाने नाही तर कोणी करायचा, अशी सीबेकची कैफियत होती. १८४९ साली तो वारला, आणि १८६३ साली हेल्महोल्ट्झने आपल्या प्रख्यात ग्रंथात ओहमच्या बाजूने, म्हणजे एकतर्फीच, निकाल दिला. पुढे हॉलंडमध्ये शाउटेनने ध्वनीतून मूळ कंपन पुरते काढून टाकले तरी स्वर हलला नाही, आणि १९५४ साली लिकलायडरने खालचा सारा प्रदेश गोंगाटाने बुजवून टाकला तरी तो ऐकू येतच राहिला; तेव्हा कुठे हा हुकूमनामा रद्द झाला. तापविद्युतेमुळे थॉमस सीबेकचे नाव पाठ्यपुस्तकांत आहे. ऑगस्ट त्याचा मुलगा, हे किती जणांना ठाऊक असेल?

आता शिक्षकमहाशयांना विनंती एवढीच की डग्ग्याच्या घुमाऱ्याचा हव्यास सोडावा. कंठ, सारंगी, पेटी अशा स्वरांशांनी समृद्ध आवाजावर जिथे मुखडा उभा राहतो, तिथून कापायला आरंभ करावा. कात्री तरंग शून्यरेषा ओलांडतो त्या क्षणी चालवावी आणि शेवट हळूहळू विरू द्यावा, म्हणजे दर आवर्तनाला ‘टक्’ असा खटका येणार नाही. तुकडा ३० सेकंदांचा पुरे; त्याहून अधिक वेळ वाजला, तर शेजारी फोन उचलायला येतात.