कढीपत्त्यावरचे बहुरूपी

हैदराबादेत काचीगुडा असो की कुकटपल्ली, घरामागे वीतभर माती मिळाली की तिथे कढीपत्ता आलाच! तुमच्याकडे तो कुंडीत असला तरी चालेल. पावसाळ्यात त्याची कोवळी पानं नीट न्याहाळा. एखाद्या पानावर पक्ष्याची शिट पडलेली दिसेल. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चमक. शी! पण पुसू नका. जरा वाट बघा. शिट चालायला लागली तर?

ती असते कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी. बुलबुल आणि शिंपी यांना अळ्या फार आवडतात, पण शिट कोण खाणार? खाऊन-खाऊन अळी फुगते आणि कात टाकत जाते. चौथी कात टाकली की एकदम हिरवीगार! बरोबरच आहे, एवढी मोठी शिट टाकणारा पक्षी आणायचा कुठून? आता तिच्या पाठीवर पुढच्या बाजूला दोन खोटे डोळे दिसतात. तिला गवताच्या काडीनं हळूच टोचा. डोक्यामागून लालभडक दुबेळकं बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. मुंग्यांना आणि किड्यांना पळवायची ही युक्ती.

पुढे अळी कोश करायला सुरक्षित जागा शोधत निघते. हा प्रवास धोक्याचा. हैदराबादच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर सरडे टपून असतात. कोशसुद्धा सोंग घेतो. आजूबाजूला हिरवं असेल तर बहुधा हिरवा, नाहीतर तपकिरी.

पण खरी गंमत फुलपाखरू झाल्यावर. नर बिचारे सगळे एकाच गणवेशात असतात. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्यांची मात्र भारतात तीन रूपं आहेत. काही नरासारख्या, काही कॉमन रोजसारख्या आणि काही क्रिमसन रोजसारख्या. या दोन्ही रोज फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीसारख्या विषारी वेलींची पानं खातात. ते विष फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनच्या मादीत विष नाही, नुसता पोशाख उसना!

हे सोंग ठरवतं कोण? शास्त्रज्ञांना वाटायचं, शेजारी-शेजारी असलेली बरीच जनुकं मिळून ठरवत असतील. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ लिहिणारे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी यांनी 2014 साली दाखवलं की हे काम एकच जनुक करतं. त्याचं नाव ‘डबलसेक्स’. कीटकांमध्ये नर-मादीतले फरक घडवणारंच हे जनुक! मला तर हे त्या चालत्या शिटेहूनही भारी वाटतं.

आता सोंग ओळखायचं कसं? कढीपत्त्याजवळ घुटमळणारी मादी पानावर पुढचे पाय आपटताना दिसेल. ती पायांनीच चव घेते. पान आपल्याच झाडाचं, अशी खात्री पटली की अंडं घालते. तेवढ्यात तिचं अंग बघा, पंख नव्हे. खऱ्या रोजचं अंग लाल असतं. आपल्या बहुरूपिणीला पंख रंगवता आले, पण अंग काळंच राहिलं.