चौदा वर्षांचा अपराधी आणि पंच्याहत्तर वर्षांचा कैदी

घरांतील एखाद्या मुलाच्या हातून मोठा अपराध घडला, म्हणजे वडीलधारी माणसें दोन प्रश्न विचारतात. यानें केलें काय, हा पहिला. आणि याचें वय किती, समज किती, संगत कोणाची, हा दुसरा. जें घर पहिला प्रश्न विचारीत नाहीं तें बिघडतें. जें दुसरा विचारीत नाहीं तें निष्ठुर होतें. कुटुंबाची ही रीत राष्ट्राच्या दंडविधानासही लागू करावी काय, या प्रश्नाचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलीं वीस वर्षें मोठ्या तीव्रतेनें ऊहापोह चालूं आहे. आणि तोही चोरीमारीसंबंधानें नव्हे, तर खुनासारख्या घोर अपराधासंबंधानें. आपल्याकडील कितीतरी कुटुंबें आज तिकडे स्थायिक झालीं असून, तेथील नागरिक या नात्यानें त्यांतील स्त्रीपुरुषांना ज्यूरींत बसण्याचें बोलावणें येतें. तेव्हां हा विषय आमच्या वाचकांस अगदींच परका वाटूं नये.

अमेरिकेंत पन्नास घटक राज्यें आहेत आणि प्रत्येकाचा खुनाचा कायदा स्वतंत्र आहे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बहुतेक राज्यांचा ओघ एकाच दिशेनें वाहिला: शिक्षा वाढवावयाच्या, न्यायाधीशाच्या विवेकास वाव कमी ठेवावयाचा, आणि सुटकेचा मार्ग अरुंद करावयाचा. पहिल्या प्रतीच्या खुनास, फाशी नसेल तर, ‘पॅरोलविना जन्मठेप’ हीच एक शिक्षा अनेक राज्यांनीं ठरवून टाकली.

येथें एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे पॅरोल म्हणजे कैद्यास घरच्या आजारपणासारख्या निकडीच्या कारणासाठीं मिळणारी थोड्या दिवसांची मोकळीक. अमेरिकेंत पॅरोल म्हणजे ठराविक वर्षें भोगून झाल्यावर, एका मंडळानें कैद्याची पारख करून, देखरेखीखालीं व अटींवर दिलेली सुटका. ती मिळण्याची आशाच जिच्यांत नाहीं ती ही जन्मठेप. राज्याच्या गव्हर्नरानें दया दाखविली नाहीं, तर अशा कैद्याचा देहच काय तो तुरुंगाबाहेर यावयाचा.

ही शिक्षा प्रौढांपुरती राहिली नाहीं. अठरा वर्षांखालील मुलांचे खटले प्रौढांच्या न्यायालयांत चालूं लागले आणि हीच शिक्षा त्यांनाही लागूं लागली. अज्ञानपणीं केलेल्या खुनाबद्दल अशी जन्मठेप भोगणारीं सुमारें २,५०० माणसें २०१२ सालीं तेथील तुरुंगांत होतीं. त्या सर्वांनीं स्वहस्तें प्राण घेतला होता, असेंही नाहीं. १९९९ सालीं आर्कान्सा राज्यांत तीन मुलें एका चित्रफितींच्या दुकानावर दरोडा घालण्यास निघालीं. त्यांतील एक चौदा वर्षांचा होता. सोबत्याजवळ बंदूक आहे हें त्यास वाटेंत समजलें. तो बराच वेळ दाराबाहेर उभा राहिला, मग आंत गेला. बंदूक झाडली ती दुसऱ्यानें, आणि दुकानांतील बाई ठार झाली. दरोड्यांत मृत्यु घडल्यास सामील असलेले सारेच खुनी, या नियमानें चौदा वर्षांच्या मुलासही पॅरोलविना जन्मठेप झाली. न्यायाधीशास दुसरी कोणतीही शिक्षा देण्याची मोकळीक नव्हती.

तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही अडचण पायरीपायरीनें दूर केली. २००५ सालीं अठरा वर्षांखालील अपराध्यास फाशी देण्याची प्रथा त्यानें बंद केली. २०१० सालीं खुनाव्यतिरिक्त इतर गुन्ह्यांबद्दल अशा मुलांना पॅरोलविना जन्मठेप देण्यास मनाई केली. आणि २०१२ सालीं, ‘मिलर विरुद्ध अलाबामा’ या खटल्यांत, वर सांगितलेल्या आर्कान्सातील मुलाचेंही प्रकरण एकत्र चालवून, पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय दिला कीं, खुनाच्या प्रकरणींही ही शिक्षा मुलास सक्तीची असतां कामा नये; न्यायाधीशानें त्याचें वय व परिस्थिति पाहिलीच पाहिजे. मुलाची समज अपुरी असते, तो सोबत्यांच्या दडपणास बळी पडतो, वाईट घर सोडून जाणें त्याच्या हातीं नसतें, आणि त्याचा स्वभाव अजून घडावयाचा असतो, ही न्यायालयाची कारणमीमांसा. आमच्या घरांतील कोणत्याही आजीबाईंस ती नवी वाटणार नाहीं.

पुढें अनेक राज्यांच्या विधिमंडळांनीं आपले कायदे बदलले. २०२४ पर्यंत पंचविसांहून अधिक राज्यांनीं अल्पवयीनांची ही शिक्षा पूर्णपणें रद्द केली. कॅलिफोर्नियानें २०१३ पासून तरुणपणीं केलेल्या गुन्ह्यांसाठीं पॅरोलची निराळी सुनावणी सुरू केली, आणि २०१८ सालीं, ज्यानें स्वतः जीव घेतला नाहीं त्यास खुनी ठरविण्याचा नियम पुष्कळ आकुंचित केला. मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयानें २०१५ सालीं अशा कैद्यांस पॅरोलच्या सुनावणींत वकील मिळण्याचा हक्क दिला.

परंतु दार किलकिलें झालें म्हणजे माणूस बाहेर आला असें नव्हे. लुइझियाना राज्यांत एका सतरा वर्षांच्या मुलानें १९६३ सालीं एका पोलीस अंमलदाराचा खून केला. त्याच्याच खटल्यांत २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, २०१२ चा निर्णय जुन्या कैद्यांसही लागू आहे. इतकें होऊनही पॅरोल मंडळानें २०१८ व २०१९ अशा दोन वेळां त्यास नकार दिला. अखेर २०२१ सालीं तो सुटला, तेव्हां तो पंच्याहत्तर वर्षांचा होता. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानेंही आपला हात आखडता घेतला: मूल सुधारणेपलीकडे गेलें आहे असा स्पष्ट निष्कर्ष न काढतांही न्यायाधीश त्यास ही शिक्षा देऊं शकतो, असें सांगितलें.

आतां दुसरी बाजू. ज्या आईचा मुलगा मारला गेला, तिला मारणाऱ्याचें वय सांगून काय समाधान होणार? त्यांतून पॅरोलची प्रत्येक सुनावणी म्हणजे तिची जखम पुन्हां उघडणें. हा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो, आणि जी सुधारणा त्याकडे पाठ फिरवील ती टिकणार नाहीं. म्हणून आप्तांस आगाऊ सूचना मिळावी, त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें जावें, आणि नकाराचीं वा सुटकेचीं कारणें त्यांना लेखी कळावीं, हें आवश्यकच आहे. परंतु त्यांच्या दुःखाचा मान राखणें निराळें, आणि चाळीस वर्षांपूर्वींच्या मुलाची शिक्षा आजच्या प्रौढास न पाहतां चालूं ठेवणें निराळें.

राहिली समाजाच्या सुरक्षिततेची गोष्ट. फिलाडेल्फिया शहरांतील अशा १७४ सुटलेल्या कैद्यांची पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तोंवर त्यांपैकीं फक्त दोघे नव्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरले होते. वयाबरोबर माणसाचा दांडगेपणा ओसरतो, हें यावरून दिसतें.

मग हा न्याय प्रौढांस कां नसावा? अठराव्या वाढदिवशीं एका रात्रींत कोणी शहाणा होत नाहीं. हें ओळखून मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयानें जानेवारी २०२४ मध्यें अठरा ते वीस वर्षांच्या तरुणांसही पॅरोलविना जन्मठेप देणें बंद केलें. त्याच वर्षीं लुइझियानानें मात्र १ ऑगस्टनंतरच्या गुन्ह्यांसाठीं बहुतेक सर्व प्रौढांचा पॅरोल काढून घेतला. एकाच देशांतील दोन राज्यें एकाच सालीं उलट दिशांनीं चाललीं.

आपल्या देशांतही हा प्रश्न मिटलेला नाहीं. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर अपराधाबद्दल प्रौढाप्रमाणें खटला चालविण्याची मुभा दिली. परंतु त्यास फाशी किंवा सुटकेची आशा नसलेली जन्मठेप देतां येणार नाहीं, हेंही त्याच कायद्यांत लिहून ठेवलें. ती एक ओळ आम्हांस फार मोलाची वाटते. प्रौढ खुनी चौदा वर्षें तुरुंगांत काढल्यावांचून सरकारी सुटीनें सुटत नाहीं, हा १९७८ पासूनचा नियम. पण त्यानंतर कोणास सोडावें व कोणास नाहीं, याचें मोजमाप राज्याराज्यांत वेगळें आहे.

शिक्षा माफ करा असें आमचें म्हणणें नाहीं. खुनाची शिक्षा कडक असावी, ती खरोखर भोगली जावी. मात्र पुरेशीं वर्षें लोटल्यावर, कैद्याच्या बाजूनें बोलणारा वकील समोर असतां आणि मृताच्या आप्तांचें ऐकून घेऊन, निःपक्षपाती मंडळानें त्या माणसाकडे पुन्हां एकदां पाहावें, एवढेंच आमचें मागणें आहे. पाहून नाहीं म्हणावें लागलें तरी चालेल. न पाहतांच नाहीं म्हणणाऱ्या कायद्यास मात्र न्याय म्हणतां येत नाहीं.